असीरचा ससाणा

२०२५ च्या मार्चमध्ये असीरगडाखालच्या शेतांत रात्रभर बॅटऱ्या हलत होत्या. ‘छावा’ चित्रपट आला नि मोगलांचा खजिना इथेच पुरलेला आहे, अशी हवा उठली. माणसं मेटल डिटेक्टर घेऊन खोदायला लागली.

नववीतला एक मुलगा तीन दिवस गैरहजर होता. चौथ्या दिवशी हाताला फोड घेऊन ऑफिसात आला आणि तांब्याचा काळपट तुकडा टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, हे अकबराचं आहे का? बाबूजी म्हणतात, एक मोहोर सापडली तर ताईचं लग्न उरकेल."

तुकड्यावर एक अक्षर शिल्लक नव्हतं. मी कपाटातलं चित्र काढलं. अकबराची खरीखुरी असीरची मोहोर: एका बाजूला ससाणा, दुसऱ्या बाजूला टांकसाळ असीर, इलाही सन ४५. जानेवारी १६०१ मध्ये बहादूरखान फारुकीकडून गड घेतल्याची ती आठवण. ती आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गंमत अशी की, गड तोफांनी नव्हे, वाटलेल्या पैशांनी उघडला, असं जेझुइट पाद्री लिहितात. अबुल फजल गडावरच्या रोगराईवर भर देतो. मला पाद्र्यांचंच पटतं. नाण्यांनी घेतलेला गड, आणि नाण्यावर ऐटीत ससाणा!

मग त्याला जर्मनीचं सांगितलं. तिथल्या हार्ट्‌झ डोंगरात चांदीच्या खाणी. ब्रन्सविकच्या ड्यूक जूलियसने १५७४ पासून त्या चांदीची थाळीएवढी नाणी पाडली, नाव ‘लोझर’. एकेका नाण्यात कित्येक थालरांची चांदी. ऐपतीप्रमाणे प्रजेने ती विकत घ्यायची, जपून ठेवायची, आणि लढाईची वेळ आली की ड्यूकच्या कामी यायची. पुढच्या राजांनी तीच परंपरा भेटीदाखल चालवली. शोभेची नाणी दिसतात खरी, पण आत हिशेब पक्का.

"म्हणजे ते घरातच असायचं? खोदावं नाही लागायचं?"

"नाही. पण ते आपलं म्हणता यायचं की नाही, तेच कळत नाही."

तो हसला नाही. १८७८ च्या कायद्याने पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, हेही मी सांगितलं. चेहरा आणखी उतरला. बहिणीच्या लग्नाचं मी काहीच बोलू शकलो नाही.

जाताना म्हणाला, "सर, त्या ससाण्याची झेरॉक्स द्याल? बाबूजींना दाखवतो. ती लंडनला आहे म्हटल्यावर तरी ते थांबतील."

झेरॉक्समध्ये ससाणा नुसता काळा ठिपका आला. तो घडी करून त्याने खिशात घातला. तांब्याचा तुकडा टेबलावरच राहिला.