आधी दिशा, मग वाकणं

हेलिकॉप्टरमधून उतरल्यावर डोकं खाली घालून चालायचं, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. फाटा किंवा सिरसीहून केदारनाथला उडणाऱ्या मराठी यात्रेकरूंनाही हीच सूचना आधी आठवते. ती खरी आहे, पण डोंगरउतारावर अपुरी आहे. तिथे माणूस किती वाकला यापेक्षा कुठल्या दिशेने चालला, यावर त्याचा जीव अवलंबून असतो, असं माझं ठाम मत आहे. याचं कारण साध्या भूमितीत आहे. जमीन कलती असली तरी पायलट फिरत्या पात्यांची चकती जवळपास आडवीच धरतो. या मार्गावर वापरल्या जाणाऱ्या एएस 350 बी 3 हेलिकॉप्टरच्या पात्यांचं वर्तुळ सुमारे 10.7 मीटर व्यासाचं असतं, म्हणजे पात्याचं टोक मध्यापासून 5.3 मीटरवर येतं. जमीन 10 अंशांनी चढत असेल, तर तेवढ्या अंतरात ती 93 सेंटीमीटर वर येते. चढाकडे निघालेल्या माणसाच्या डोक्यावरची जागा पावलागणिक आटत जाते. उताराकडे निघालेल्याची वाढत जाते.

यावर कोणी म्हणेल, मग इंजिन बंद करूनच प्रवासी उतरवावेत. पाती पूर्ण थांबेपर्यंत सगळे आत बसणार असतील, तर हा उपाय उत्तमच. पण इंजिन बंद होताच धोका संपला असं मानणं घातक आहे. वेगात फिरणारी पाती ताठ राहतात. वेग मंदावला की ती स्वतःच्या वजनाने लवतात आणि वाऱ्याच्या झोताने आणखी खाली झुकतात. दुसरा आक्षेप असा, की हे सगळं पायलटने पाहावं, प्रवाशाने नव्हे. पण पायलटचे हात नियंत्रणांवर असतात, आवाजात त्याची हाक पोहोचत नाही आणि मागचं त्याला दिसत नाही. शेपटीकडचा फिरता पंखा तर जवळ गेलेल्यालाही दिसत नाही. 23 एप्रिल 2023 रोजी केदारनाथच्या हेलिपॅडवर त्याच पंख्याने उत्तराखंडच्या विमान वाहतूक यंत्रणेतल्या एका अधिकाऱ्याचा बळी घेतला. या क्षेत्राशी रोजचा संबंध असलेल्याची ही गत, तर पहिल्यांदा बसणाऱ्याला न सांगता कसं कळावं?

हेलिकॉप्टर उतारावर आडवं टेकलं, की एक दार चढाकडे उघडतं आणि दुसरं उताराकडे. चढाकडच्या प्रवाशाने म्हणूनच समोरचा मोकळा चढ धरू नये. सांगितल्यास उताराकडच्या दाराने उतरावं, नाहीतर यंत्राला लगटून नाकापुढून वळसा घ्यावा. शेपटीमागून कधीही नाही. टोपी, उपरणं हातात घट्ट धरावं, काठी आडवी न्यावी, आणि काही उडालंच तर त्यामागे धावू नये. उड्डाणाआधी कर्मचाऱ्यांनी हे प्रवाशाच्या भाषेत, हाताने दिशा दाखवून सांगायला हवं. त्यांनी सांगितलं नाही, तर तुम्ही विचारा: उतरल्यावर उतार कुठल्या बाजूला असेल?