टाकीतलं पाणी प्रवासाला निघतं तेव्हा



ज्येष्ठ लागला की चांदवडच्या माझ्या दवाखान्यात वारकऱ्यांची ये-जा वाढते. "डॉक्टरसाहेब, दिंडीला निघायचंय, बीपीच्या महिनाभराच्या गोळ्या लिहून द्या." "साखर तपासून घेऊ का एकदा?" "टाचेला भेग पडलीय, चालेन ना मी?" गोळ्या लिहून झाल्या, पाय बघून झाले की मी आपला एक प्रश्न विचारतो, "आणि पाण्याचं काय?"

उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "त्याची काळजी नाही. आपला टँकर आहे ना सोबत. घरचंच पाणी!"

आजचा लेख या 'घरच्या पाण्या'बद्दल आहे. दिंडीचा टँकर असो, देवदर्शनाला निघालेल्या टेम्पोतली पाचशे लिटरची टाकी असो, ट्रकच्या केबिनमधला कॅन असो किंवा हल्ली दिसू लागलेली कॅरॅव्हॅन असो, सगळ्यांना एकच नियम लागू पडतो. पाणी घरून निघालं म्हणून ते घरच्यासारखं राहत नाही.

टाकीवर आपला एवढा विश्वास का?

आपला तालुका पर्जन्यछायेतला. शेजारच्या मनमाडला नळाला कितीतरी दिवसांनी पाणी यायचं, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. उन्हाळ्यात टँकर आला की हंडे, कळशा, ड्रम घेऊन धावायचं, हे आपल्यातल्या अनेकांनी केलंय. त्यामुळे भरलेली टाकी दिसली की आपल्याला निर्धास्त वाटतं. ज्या गावात अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल उभा आहे, तिथल्या माणसाला प्रवाशाच्या पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको. बाईंनी जागोजागी विहिरी, बारवा, घाट बांधले ते वाटसरूंचा विचार करूनच.

पण विहिरीला झरा असतो, टाकीला नसतो. टाकीत जे भरलं तेच तिथं राहतं, तापतं, हिंदकळतं आणि हळूहळू बदलतं.

आत नक्की काय होतं?

समजा, गावातून निघताना तुम्ही ग्रामपंचायतीचं क्लोरीन टाकलेलं पाणी भरलं. पाण्यातला हा क्लोरीन म्हणजे पाण्याचा राखणदार. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा. म्हणजे जंतू मारून झाल्यावरही थोडा उरलेला हवा, नंतर आत शिरणाऱ्या जंतूंसाठी.

हा राखणदार फार काळ टिकत नाही. उन्हाने टाकी तापली की तो उडतो, गढूळपणा असला तर त्यातच खर्च होतो. टाकीच्या आतल्या भिंतीला हात लावून बघा. बुळबुळीत लागलं तर तो जंतूंनी स्वतःभोवती तयार केलेला थर आहे. तोही क्लोरीन खातो आणि आतल्या जंतूंना सांभाळतो. दोन-तीन दिवसांत राखणदार संपतो, आणि नेमकं तेव्हाच वाटेवरच्या कुठल्यातरी विहिरीचं पाणी वरून भरलं जातं. पहिला पाऊस झालेला असतो, रानातली घाण वाहून विहिरीत आलेली असते. आपण त्याला 'नवं पाणी' म्हणतो. जुलाबाच्या साथी याच पाण्याबरोबर येतात.

काही वर्षांपूर्वी एका दिंडीतून मला फोन आला. संत निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत त्र्यंबकेश्वरहून निघालेली मंडळी सिन्नर मागे टाकून पुढे गेली होती. अकरा जणांना जुलाब. "जेवणातून असेल का हो, डॉक्टर?" मी विचारलं, पाणी कुठलं? "आपलंच, टँकरचं." शेवटचं कधी भरलं? "काल, रस्त्यालगतच्या विहिरीवरून." टीसीएल टाकलं का? पलीकडे शांतता. पाइप कुठे ठेवता? "टँकरच्या मागं लोंबकळतो की." म्हणजे चिखलातून आणि शेणातून फिरणारा पाइप रोज टाकीच्या तोंडात जात होता.

त्या अकरांपैकी एक आजी सत्तरीच्या. वाटेत सारखं जावं लागतं म्हणून त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. बीपीची लघवी वाढवणारी गोळी मात्र नेमाने चालू. दोन दिवसांनी त्यांना सलाइन लावावं लागलं, तेव्हा लघवी जवळजवळ बंद झाली होती. त्या वाचल्या, मूत्रपिंडंही पूर्ववत झाली, पण त्या वर्षी पंढरपूर राहिलं. पुढे भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पाय थकले असते तर वाईट वाटलं नसतं, डॉक्टर. पाण्यानं अडवलं."

आजार उशिरा येतो, म्हणून पाणी सुटतं

पटकीचा जंतू काही तासांत ते पाच दिवसांत जुलाब सुरू करतो. टायफॉइडला साधारण एक-दोन आठवडे लागतात. ई प्रकारची कावीळ तर दूषित पाणी प्यायल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. आषाढात प्यायलेल्या पाण्याची कावीळ श्रावणात येते, तोवर टँकर धुऊन मालकाला परत गेलेला असतो. मग आपण वडापावला दोष देतो. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, ही कावीळ जिवावर बेतू शकते. तिच्यासाठी प्रवासात उकळून गार केलेलंच पाणी ठेवा, यात तडजोड नको.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन बारे सिंड्रोमचे, म्हणजे हातापायातली ताकद जाण्याच्या आजाराचे, अनेक रुग्ण आढळले. त्यातल्या काहींच्या शौच नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि विहिरी, खासगी टँकर यांच्या पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. हा आजार विरळ आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण 'फार तर दोन दिवस पोट बिघडेल' एवढ्यावर दर वेळी भागत नाही, हे त्यातून दिसलं.

निघण्याआधी: टाकी कुठली, आधी त्यात काय होतं?

आपला भाग द्राक्षांचा आणि कांद्याचा. फवारणीच्या टाक्या, औषधांचे निळे ड्रम घरोघरी आहेत. फवारणीची टाकी कितीही वेळा धुतली तरी ती पिण्याच्या पाण्याला वापरायची नाही. रसायनाचा किंवा डिझेलचा ड्रमही नाही. कीटकनाशक प्लास्टिकमध्ये मुरतं, ते उकळून किंवा क्लोरीनने जात नाही. टाकी पिण्याच्या पाण्यासाठीच बनवलेली, झाकणाची आणि खाली तोटी असलेली हवी. उजेड आत जाऊ न देणारी असली तर शेवाळ धरत नाही.

टाकी धुताना आधी ब्रशने घासून बुळबुळीत थर काढा. मग दर १,००० लिटरला सुमारे १५० ग्रॅम चांगली टीसीएल पावडर या हिशेबाने द्रावण करून टाकी काठोकाठ भरा. तोट्या उघडून पाइपातही ते येऊ द्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी सगळं सोडून द्या, मात्र विहिरीत, ओढ्यात किंवा पिकात नको. नंतर क्लोरीनचा उग्र वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने खळबळून काढा.

इथे दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. बंद टँकरमध्ये एकट्याने उतरू नका, आत गुदमरायला वेळ लागत नाही. आणि टीसीएलमध्ये संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

रोजचं पाणी: किती पावडर?

प्रत्येक वेळी भरताना साध्या स्वच्छ पाण्याला १,००० लिटरमागे अडीच ग्रॅम ताजी टीसीएल पावडर पुरते. म्हणजे पाच हजारांच्या टँकरला साडेबारा ग्रॅम. अंदाजाने मूठभर टाकू नका. किराणा दुकानातल्या छोट्या काट्यावर मोजून पुड्या बांधून घ्या. पावडर बादलीभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओता. किमान अर्धा तास, जमलं तर एक तास थांबा, मगच तोटी उघडा.

टाकलेली मात्रा पुरली का, हे ओटी चाचणीत कळतं. गावातल्या जलसुरक्षकाकडे तिचं साहित्य असतं. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर मात्रा वाढवून पुन्हा तपासायचं. निघण्यापूर्वी त्याच्याकडून शिकून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. उघडी राहिलेली पावडर महिनाभरात बरीच दम सोडते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून लांब ठेवा.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, त्यामुळे क्लोरीन त्यानंतर हवाच. कपड्याने गाळण्याचंही तसंच. बांगलादेशात जुन्या साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळल्यावर पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटल्याचं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे आजीचं फडकं उपयोगाचं आहे, पण उरलेल्या निम्म्यासाठी क्लोरीन किंवा उकळी लागते. पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे.

मोठी टाकी की छोटी?

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माझं उत्तर, दोन टाक्या. वापराचं पाणी मोठ्या टँकरात, पिण्याचं लहान टाकीत. शंभर माणसांच्या दिंडीला पिण्यासाठी दिवसाला साधारण तीनशे ते चारशे लिटर लागतं. म्हणून पिण्याची टाकी तेवढीच ठेवा, रोज संध्याकाळी रिकामी करा आणि रोज सकाळी ताजं पाणी, ताजी पावडर. आठ दिवस मुरलेल्या पाच हजार लिटरपेक्षा रोजचं चारशे लिटर केव्हाही बरं.

भरण्याचा पाइप वेगळा, दोन्ही तोंडं झाकलेला आणि जमिनीला न टेकणारा असावा. टाकीत तांब्या, जग बुडवायचा नाही, पाणी तोटीनेच घ्यायचं. तोटीजवळ साबण ठेवा.

डॉक्टर असलो तरी गाडीबद्दलही एक सांगतो, कारण राहूड घाटातल्या अपघातांचे जखमी आम्हीच बघतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, पाच हजार लिटर म्हणजे पाच टन. अर्धी भरलेली टाकी वळणावर आणि ब्रेक मारल्यावर सगळं पाणी एका बाजूला फेकते. आतून आडवे पडदे नसलेल्या टाकीत हा हिसका मोठा असतो. घाट उतरायचा असेल तर टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी बरी. वाहनाची क्षमता तेवढी नसेल तर रिकामी करून उतरा आणि पुढच्या मुक्कामी भरा.

कॅरॅव्हॅन भाड्याने घेणाऱ्यांनीही हेच पाळावं. गाडी आधी किती दिवस उभी होती, हे विचारा. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो. तो शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे जाऊन न्यूमोनिया करतो. म्हणून जुनं पाणी सोडून, टाकी धुऊन, नव्याने भरल्याशिवाय नळ वापरू नका.

आणि तरीही पोट बिघडलंच तर?

१९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाइन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ-साखरेचं द्रावण करून लोकांना पाजलं आणि मृत्यू कितीतरी कमी झाले. तेच आज आपलं ओआरएस. एक मोठी पुडी बरोबर एक लिटर शुद्ध पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटरला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. प्रत्येक जुलाबानंतर घोट घोट. केलेलं द्रावण चोवीस तासांनी फेकून द्या. लहान मुलांना सोबत झिंक, डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस.

जुलाब होताना पाणी कमी करू नका. लघवी वाढवणारी बीपीची गोळी आणि मधुमेहाच्या काही गोळ्या अशा वेळी थांबवाव्या लागतात. निघण्यापूर्वीच तुमच्या डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या. तांदळाच्या पेजेसारखे पांढरे जुलाब, रक्त, सहा तास लघवी नाही, सुस्ती, किंवा बाळाची टाळू खोल गेलेली, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. वारीच्या मार्गावर आरोग्य पथकं असतात, १०८ ला फोन करा.

प्रत्येक दिंडीत विणेकरी ठरलेला असतो, स्वयंपाक कोणी करायचा हेही ठरलेलं असतं. यंदा पाण्यासाठीही एक माणूस ठरवा. त्याच्याकडे पावडरच्या पुड्या, ओटीची बाटली आणि एक वही द्या. कुठे भरलं, किती टाकलं, रंग आला का, एवढ्या तीन नोंदी रोज करायच्या. सिंहस्थाला नाशिकला गर्दी होईल तेव्हा हीच वही आपल्या कामी येईल.

पुड्या कशा बांधायच्या ते शिकायचं असेल तर दवाखान्यात या. त्याची फी नाही.