एका संघातली दोन मनगटं

संपादकांनी मागितला तो शालेय फुटबॉलच्या हंगामाचा आढावा. किती सामने जिंकले, गोल कुणी केले, सुब्रतो चषकाच्या कुठल्या फेरीत आम्ही बाहेर पडलो, हे सारं क्रीडाशिक्षकांच्या वहीत आहे. मी अस्थिरोगतज्ज्ञ. कोल्हापुरातल्या एका हायस्कूलच्या संघातली पोरं दुखणीखुपणी घेऊन माझ्याकडे येतात. त्यामुळे मला हंगाम दिसतो तो गुडघ्यांतून, घोट्यांतून, आणि यंदा मनगटातून.

पंधरा वर्षांखालील गटात आमचा आघाडीवीर उंच, भरल्या खांद्यांचा, मिसरूड फुटलेला. त्यानं हेडरवर गोल केला आणि समोरच्या संघानं हरकत घेतली: वय चोरलंय. मनगटाचा एक्स-रे झाला. अहवालात हाडांचं वय सोळा आलं आणि पोराला संघाबाहेर काढलं. आई जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड घेऊन धावली, ते कुणी धड पाहिलं नाही. वडील माझ्यासमोर बसून एवढंच म्हणाले, "डॉक्टर, आमच्या पोराचं वय आमास्नी ठावं न्हाई व्हय?"

एक्स-रेमध्ये जन्मतारीख दिसते, असा लोकांचा पक्का समज आहे. ती दिसत नाही. वाढत्या मुलाच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढपट्टी असते. कूर्चा एक्स-रेत उमटत नाही, म्हणून तिथे काळी फट दिसते. वाढ संपत आली की फट बुजते. ती कितपत बुजली, यावरून आम्ही हाडांची पक्वता ठरवतो. यासाठी ग्रॉयलिश आणि पाइल यांचा जुना चित्रसंग्रह आहे. त्यातली मनगटं अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या मुलांची, तीही १९३० आणि ४० च्या दशकांतली. दुसरी पद्धत टॅनर-व्हाइटहाउसची, २००१ साली सुधारलेली. तिच्यात हाताच्या तेरा हाडांना एकेक श्रेणी द्यायची, गुण मिळवायचे आणि तक्त्यावरून वय काढायचं. काम किचकट आहे. दोन अनुभवी डॉक्टरांचे आकडेही थोडे वेगळे येतात.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ती मी दर हंगामात सांगत आलोय. निरोगी मुलांमध्ये हाडांचं वय खऱ्या वयाच्या दोन वर्षं पुढे किंवा दोन वर्षं मागे असू शकतं. तो आजार नाही, लबाडी तर नाहीच. एकाच दिवशी लावलेल्या उसातसुद्धा सगळी बेटं एकदम जोम धरत नाहीत. फिफानं हे ओळखलं आहे. २००९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून ते मनगटाचा एमआरआय करतात, म्हणजे किरणोत्सर्गही नाही. पट्टीच्या सांधण्याच्या सहा पायऱ्या ठरवल्यात आणि प्रश्न एकच विचारतात: पट्टी पूर्ण सांधली आहे का? सतरा वर्षांखालच्या मुलात ती पूर्ण सांधलेली सापडण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी, म्हणून तिथे त्या उत्तराला वजन आहे. 'हा मुलगा चौदाचा की सोळाचा' हा प्रश्न मात्र निराळा. त्याचं उत्तर मनगट देऊ शकत नाही. ज्यानं आमच्या पोराचा अहवाल लिहिला त्यानं हाडं बरोबर वाचली. ती होतीच सोळाची. चूक झाली ती अहवालाला जन्मदाखला समजणाऱ्यांची.

वयचोरी होते, हे मला मान्य आहे. बनावट दाखल्यावर खेळणारा एखाद्या खऱ्या मुलाची जागा खातो, त्याचा मला मनापासून राग येतो. पण संशय नेहमी मिशीवरच का यावा?

त्याच संघात दुसरा मुलगा आहे. त्याच वर्षीचा, पण नोव्हेंबरचा जन्म. बारीक, डावखुऱ्या पायाचा, बॉल पायात येण्याआधीच पास कुठे द्यायचा ते हेरलेला. त्याचंही मनगट मी पाहिलं होतं, सरावात पडला तेव्हा. हाडं तेराच्याही आतली. अख्खा हंगाम तो बाकावर बसला, कारण "अजून अंग धरलं नाही." गटाची तारीख १ जानेवारी असते, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जगभरच्या युवा संघांत जास्त दिसतात, यावर ढीगभर अभ्यास झाले आहेत. त्यात आपल्या स्पर्धा भर पावसाळ्यात. चिखलात चेंडू थांबतो आणि ज्याची मांडी दणकट त्याचा खेळ चांगला ठरतो. एकोणीस-वीसच्या वयात, पेठेच्या संघांकडून शाहू स्टेडियमवर उतरायच्या वेळी, अंगाचा हा फरक बराचसा मिटलेला असतो. तोवर बारीक पोरानं बूट टांगलेले असतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, तेव्हापासून पालकांची घाई वाढली आहे. दहावीच्या आत निवड झाली नाही तर सगळं संपलं, असं ते धरून चालतात.

घाईची किंमत गुडघा देतो. नडगीच्या वरच्या टोकाला, जिथे मांडीच्या स्नायूची कंडरा बसते, तिथे दुखरा उंचवटा येतो. ऑसगुड आणि श्लॅटर यांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे वर्णन केलेलं हे दुखणं. मुलांची उंची साधारण चौदाच्या आसपास सर्वांत वेगानं वाढते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपण त्यांना लागोपाठ सामने खेळवतो. घरचे कॅल्शियमच्या गोळ्या मागतात. मी भार कमी करायला सांगतो. ते नाराज होऊन जातात.

माझी शाळेकडे मागणी साधी आहे: दर तीन महिन्यांनी उंची मोजा, बसून आणि उभं राहून, आणि वहीत लिहा. पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांच्या कामातून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे ५ ते १८ वयाचे वाढतक्ते २०१५ मध्ये आले. ते भिंतीवर लावता येतात. इंग्लंडच्या अकादम्या अधूनमधून वयाऐवजी पक्वतेनुसार गट पाडून सामने खेळवतात. प्रौढपणी होणाऱ्या अंदाजित उंचीच्या ८५ ते ९० टक्क्यांवर पोचलेली मुलं एकत्र, असं. अंदाजाचं सूत्र अमेरिकी मुलांवरून बेतलेलं आहे, आपल्याकडे ते चुकेल तिथे चुकेल. तरी सरावापुरतं करून पाहायला काय हरकत आहे? क्रीडाशिक्षक डिसेंबरात असा एक सामना घ्यायला तयार झालेत. बारीक पोराला ते मध्यभागी खेळवणार आहेत.

आघाडीवीराच्या बाबतीत शाळेनं फेरविचाराचा अर्ज दिला आहे, सोबत माझं दोन पानी मत जोडलंय. उत्तर आलेलं नाही. तो मात्र पुढच्या वर्षी सतरा वर्षांखालील गटात खेळणार म्हणतो. त्याच्याही उजव्या गुडघ्याखाली तो उंचवटा आलाय, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत उड्या आणि शूटिंग बंद, पोहणं चालेल, असं मी लिहून दिलंय.