मेणाची गलबते

विजेत्यांच्या खऱ्या इतिहासाहून पराभूतांचा कल्पित इतिहास मला अधिक ओढ लावतो. इजिप्तचा अखेरचा देशी राजा दुसरा नेक्टानेबो याचेच पाहा. इ. स. पूर्वी ३४३ च्या सुमारास इराणच्या तिसऱ्या आर्टाझर्क्सीझने त्याचा मोड केला व तो दक्षिणेकडे पळाला. परंतु ग्रीक भाषेतील सिकंदराच्या अद्भुतकथेत हाच राजा थोर मांत्रिक आहे. पाण्याच्या पात्रात तो मेणाची गलबते सोडून मंत्र म्हणतो. ती बुडाली, की समुद्रावर शत्रूचे आरमार बुडते. एके दिवशी मात्र त्याला दिसते, की शत्रूची गलबते इजिप्तचेच देव हाकीत आहेत! तो वेषांतर करून मॅसिडोनियास जातो आणि सिकंदराचा जनक होतो. म्हणजे इ. स. पूर्वी ३३२ मध्ये इजिप्तमध्ये शिरला तो परका जेता नव्हे, घरी परतलेला राजपुत्र!

या कल्पनेला हसावेसे मला वाटत नाही. तलवार गमावलेल्या राष्ट्राने वंशावळीच्या बळावर घेतलेला तो सूड आहे. पण अशा समाधानाची धास्तीही वाटते. जेत्याला पुत्र म्हटले, की जोखड हलके भासते; मानेवरून उतरत मात्र नाही. सिकंदराच्या सेनापतीचा वंश इ. स. पूर्वी ३० पर्यंत इजिप्तवर राज्य करीत होता.