स्नोमोबाईल घेण्याआधी

परदेशी मुलांकडे किंवा भावंडांकडे निघालेले ज्येष्ठ रुग्ण माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. औषधे किती महिन्यांची न्यावीत, विमानात पाय सुजतील का, थंडी सोसेल का. गेल्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या भावाने विचारलेला प्रश्न या यादीत बसणारा नव्हता. दादा एकोणसत्तर वर्षांचा आहे, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात गेली कित्येक वर्षे स्थायिक आहे आणि तीन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाच्या एका धमनीत स्टेंट बसवलेला आहे. तो फोनवर म्हणाला, "मी स्नोमोबाईल घ्यायची म्हणतोय. जानेवारीत तू येतोच आहेस, तर दुकानात बरोबर चल." दुसऱ्या दिवशी वहिनींचा स्वतंत्र फोन आला. "भावोजी, तुम्ही डॉक्टर आहात. तुम्ही नाही म्हणालात तर ते ऐकतील."

स्नोमोबाईल म्हणजे बर्फावर चालणारी मोटारसायकलच म्हणावी. पुढे चाकांऐवजी दोन स्की, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा, मध्ये इंजिन आणि लांब आसन. उजव्या अंगठ्याने खटका दाबला की वेग वाढतो आणि डाव्या हाताने ब्रेक लागतो. तिकडचे लोक तिला नुसते 'स्लेड' म्हणतात. मिनेसोटात या गाड्यांसाठी वीस हजार मैलांहून अधिक लांबीच्या वाटा आखलेल्या आहेत आणि त्यांतील बहुतेकांची निगा गावोगावच्या हौशी मंडळांचे सदस्य राखतात. सहा महिने घरात कोंडून घालणाऱ्या हिवाळ्यात ही मंडळे म्हणजे निवृत्त माणसांचा कट्टाच असतो. दादाला वेगाचे वेड नव्हते. त्याला तो कट्टा हवा होता.

या वाहनाच्या इतिहासाला वैद्यकीय दुःखाची एक किनार आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट या गावी जोसेफ-आर्मंड बोम्बार्डिए हा मेकॅनिक राहत असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला पोटातील आवरणाचा गंभीर जंतुसंसर्ग झाला. रस्ते बर्फाने बुजलेले होते, रुग्णालय गाठता आले नाही आणि मूल दगावले. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे त्याचे प्रयोग आधीपासून सुरू होते, त्यांना आता निराळी निकड आली. १९३७ पासून त्याने सात जणांना नेणाऱ्या बर्फगाड्या विकायला सुरुवात केली. डॉक्टर, टपाल आणि शाळकरी मुले यांची ने-आण अशा गाड्यांतून होऊ लागली. हौसेने फिरण्याची छोटी 'स्की-डू' १९५९ साली आली. तात्पर्य, हे यंत्र मुळात चैनीचे नव्हे, गरजेचे अपत्य आहे.

वहिनींना मी नकाराचा शब्द दिला नाही. "या वयात कशाला?" हे वाक्य उच्चारायला सोपे असते, पण ते निदान नव्हे. वय हा आकडा आहे. हृदय, हाडे, हात आणि डोळे काय सांगतात ते पाहिल्याखेरीज होकार आणि नकार दोन्ही सारखेच बेजबाबदार ठरतात. म्हणून मी दोघांनाही एकच अट घातली. दुकान नंतर, तपासणी आधी.

पहिला विचार हृदयाचा. थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. खरा धोका गाडी चालवताना असतो त्याहून अधिक ती मऊ बर्फात रुतल्यावर असतो. दोन-अडीचशे किलोचे धूड अंगातील सगळे बळ लावून उचलू पाहणे हा थंडीतला आकस्मिक, कठोर श्रम आहे. दादाच्या हृदयरोगतज्ज्ञाने ताण-चाचणी करून अनुमती दिली, तीही एका अटीवर. गाडी रुतली तर दादाने बाजूला उभे राहायचे, उचलायचे सोबत्यांनी.

दुसरा विचार औषधांचा. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर आतील रक्तस्रावाची भीती अधिक असते. बीटा-ब्लॉकर गटातील औषधांनी काहींचे हातपाय लवकर गार पडतात. मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावलेली असेल, तर हिमदंश होत असल्याचे कळतही नाही. इन्सुलिन गोठले की निकामी होते. दादाकडे यांपैकी फक्त ॲस्पिरिन होती. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी त्याने आतल्या खिशात, अंगाच्या उबेजवळ ठेवायची असे ठरले.

तिसरा विचार हाडांचा, आणि इथे चित्र पालटले. दादाची कल्पना दोन आसनांच्या गाडीची होती, मागे पाठटेका लावून वहिनींना बसवण्याची. उंचवटा आला की चालक गुडघे वाकवून किंचित उठतो आणि धक्का पायांवर झेलतो. मागे बसलेल्याला उंचवटा दिसत नाही. तो बसूनच राहतो आणि सगळा धक्का थेट मणक्यांत जातो. हाडे ठिसूळ असतील तर अशा एका आदळण्यानेही मणका दबू शकतो. दादाची घनता-चाचणी ठीक आली. वहिनींनी मात्र ती कधी केलीच नव्हती. साऱ्या घराची औषधे वेळेवर देणाऱ्या बाईने स्वतःची तपासणी चार वर्षे पुढे ढकलली होती. त्यांचा टी-स्कोअर उणे २.७ निघाला. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे अस्थिविरलता. ज्यांना पतीची काळजी होती, त्या स्वतःच अधिक जोखमीत होत्या. बागेत पाय घसरून पडण्याआधी हे कळले, ही त्या हिवाळ्याची सर्वांत मोलाची कमाई. त्यांचे उपचार त्याच महिन्यात सुरू झाले.

मागचे आसन असे रद्द झाल्यावर गाडीची निवड सोपी झाली. या गाड्यांचे प्रकार ढोबळमानाने चार. आखीव वाटांवर चालणारी ट्रेल, दोघांसाठी लांब आणि आरामशीर टूरिंग, खोल बर्फासाठी लांब पट्ट्याची माउंटन, आणि ओझी वाहणारी युटिलिटी. टूरिंग आरामदायी असली तरी वजनदार, आणि एकट्यासाठी ते वजन निष्कारण. माउंटन गाडी उतारावर अंग झोकून चालवावी लागते, ते तरुणांचे काम. नवशिक्या ज्येष्ठाला ट्रेल प्रकारच योग्य. इंजिन सुमारे साठ अश्वशक्तीचे पुरते. दुकानात दुप्पट शक्तीची गाडी पुढे केली जाते, पण अंगठ्याच्या एका दाबात झेप घेणारे यंत्र नवशिक्याच्या कामाचे नाही. टू-स्ट्रोक इंजिन हलके असते, पण आवाज आणि धूर अधिक. फोर-स्ट्रोक थोडे जड, पण शांत आणि संथ स्वभावाचे. दादाने फोर-स्ट्रोक निवडले.

तीन सोयी मी चैन मानत नाही, गरज मानतो. बटणाने सुरू होणारे इंजिन, कारण दोरी ओढून गाडी सुरू करणे खांद्याला आणि हृदयाला जाचक असते. मागे घेण्याचा गिअर, म्हणजे गाडी हातांनी फिरवावी लागत नाही. आणि मुठी तसेच अंगठ्याचा खटका गरम ठेवण्याची व्यवस्था.

दुकानात गाडी नुसती पाहू नये, तिच्यावर दहा मिनिटे बसावे. जाड हातमोजे घालून खटका वारंवार दाबून पाहावा, कारण अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर तिथेच कळते. अर्धवट उठून बसण्याची क्रिया दहा वेळा करावी. गुडघे कुरकुरले तर वाटेत अधिक कुरकुरतील. हेल्मेट घालून दोन्ही बाजूंना मान वळवून मागे पाहावे. शेवटी, कुणाचा आधार न घेता उतरावे. दादाने पहिल्या दोन गाड्या या परीक्षेतच नाकारल्या. घेतली ती जुनी, पण पट्टा आणि स्की नीट तपासून, स्प्रिंग त्याच्या वजनाप्रमाणे जुळवून घेऊन.

मिनेसोटात १९७६ नंतर जन्मलेल्यांना सुरक्षा-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. दादाला कायद्याने सूट होती, पण कायदा सूट देतो म्हणून शरीर देत नाही. त्याने आणि मी दोघांनीही तो अभ्यासक्रम केला. इंजिन बंद करणारी दोरी अंगरख्याला अडकवायची, म्हणजे चालक पडला तर गाडी थांबते. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू करायचे नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गोठलेल्या तळ्यावर नवा, स्वच्छ बर्फ निदान पाच ते सात इंच जाड हवा आणि तरीही कुठलाच बर्फ पूर्ण सुरक्षित मानायचा नाही. आम्ही तळी सरळ वगळली.

थंडीचे गणितही तिथेच नीट उमगले. तापमान उणे वीस आणि अंगावर येणारा वारा ताशी चाळीस किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे चौतिसासारखे जाणवते. अंगालगत सुती कपडा नको, तो घाम धरून ठेवतो. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर हवा. अंगठी घरी ठेवावी. बोट पांढरे आणि बधिर झाले तर चोळू नये, शेकोटीवर धरू नये. निवाऱ्यात पोहोचून, पुन्हा गोठण्याची भीती नाही अशी खात्री झाल्यावर, ३७ ते ३९ अंश सेल्सियसच्या कोमट पाण्यात ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. मद्याने ऊब येते हा भ्रम आहे. त्वचेकडे रक्त धावते, अंगातील उष्णता मात्र बाहेर जाते आणि निर्णयशक्ती मंदावते. भारतातून पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी पाहावी. प्रवास-विम्यात अशा साहसी प्रकारांना संरक्षण आहे का, हे पॉलिसीत वाचूनच गाडीवर बसावे.

पहिल्या दिवशी मंडळाच्या दोन अनुभवी सदस्यांसोबत आम्ही सपाट वाटेवर चाळीस मिनिटे फिरलो, दिवसाउजेडी, ताशी तीस किलोमीटरच्या आत. पांढऱ्या बर्चच्या खोडांमधून जाताना दादा एकदाही मागे वळला नाही, पण थांब्यावर हेल्मेट काढले तेव्हा त्याचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. वहिनी त्या थांब्यावर मोटारने आल्या होत्या, थर्मासमध्ये आल्याचा चहा घेऊन.

घराच्या फ्रिजवर आता वहिनींच्या अक्षरातला एक कागद असतो. कुठल्या वाटेने जाणार, सोबत कोण, परत किती वाजता. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास उलटला की त्या मंडळाच्या माणसाला फोन करतात, आणि दादाने त्याबद्दल कुरकुर करायची नाही. त्यांनी दादाला अडवले नाही आणि मोकळेही सोडले नाही.

ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना मला हेच सांगायचे आहे. आपल्या घरात स्नोमोबाईल नसेल. कुणाला पुन्हा सायकल चालवायची असेल, कुणाला गड चढायचा असेल, कुणाला पोहायला शिकायचे असेल. नकार देऊन आपली काळजी मिटते, त्यांचा प्रश्न मिटत नाही. आधी तपासणी करून घ्या, मग साधन निवडा, मग सोबत ठरवा. आणि तपासणीला नेताना, नेणाऱ्याने आपलेही नाव त्या कागदावर लिहावे.