तडा गेलेला कार्बोरेटर

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्यावर जणू मृत्युलेखच लिहिले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. खाजगी मालकांकडे ती अद्याप आहे. उमरीला आमच्या अंगणातील कडुनिंबाखाली तशीच एक उभी असते. आजाऱ्यांकडे पवित्र कम्युनियन नेणे, वस्त्यांवर मिस्सेसाठी जाणे, अडलेल्या बाईला अपरात्री नांदेडला पोहोचवणे, ही सेवा तिने आमच्या आधीच्या धर्मगुरूंच्या काळापासून केली आहे.

गेल्या वर्षी हिवाळ्यात तिचे इंजिन संथ गतीवर टिकेना. स्टेशनकडच्या रस्त्यावर एक वृद्ध मिस्त्री आहेत. सारा गाव त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी चालू इंजिनावर, कार्बोरेटरच्या बुडाशी ब्रशने साबणाचे पाणी लावले. एका जागी पाणी आत ओढले गेले आणि इंजिनाचा सूर बदलला. "हवा खातंय, फादर," ते म्हणाले. गळती थांबेल या समजुतीने पूर्वी कोणी तरी नट गरजेपेक्षा अधिक आवळला होता. त्याच्या भोकापासून केसासारखा तडा गेला होता.

कार्बोरेटर हा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव भाग. तो ४०० अंश सेल्सियसच्या आतच वितळतो. पितळेचा झाळ मारायला गेल्यास जोड लागण्याआधी वस्तूच नाहीशी व्हायची. चाचांनी तो भाग धुऊन, ऊन दाखवून कोरडा केला. तड्याच्या टोकाला बारीक छिद्र पाडले, म्हणजे ताण एका बिंदूवर न साचता विखुरतो आणि तडा पुढे सरकत नाही. मग तड्यालगत खाच कोरून पेट्रोलला टिकणारे इपॉक्सी भरले, पुरा दिवस सुकू दिले आणि काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर बूड घासून सपाट केले. जोड उत्तम बसला.

या यंत्राशी आम्हा धर्मगुरूंचे नाते जुने आहे. कार्बोरेटरच्या आतील निमुळत्या नळीला ज्यांचे नाव आहे, ते जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेन्तुरी (१७४६-१८२२) हे इटलीचे दीक्षित धर्मगुरू होते. अरुंद जागेतून जाताना प्रवाहाचा वेग वाढतो व दाब उतरतो, हे त्यांनी १७९७ मध्ये मांडले. त्या उतरलेल्या दाबामुळेच पेट्रोल हवेत खेचले जाते. अंतर्ज्वलन इंजिनाचे एक आद्य संशोधक, युजेनियो बार्सान्ती (१८२१-१८६४), हेही धर्मगुरूच. हाताला ग्रीस लागल्याने दीक्षा मलिन होत नाही, एवढे या दोघांच्या चरित्रांवरून कळते.

यंदाच्या पावसाळ्यात मात्र दुसरा तडा निघाला, तो पेट्रोल साठणाऱ्या वाटीला. चाचांनी बोट लावून ओल पाहिली आणि कार्बोरेटर फडक्यात गुंडाळून आमच्या हाती दिला. "सांधता येईल, फादर. पण मी सांधणार नाही. तिथं नुसती हवा जात होती. इथं पेट्रोल गळंल, अन् खाली तापलेलं इंजिन. रातच्याला लेकुरवाळी बाई घेऊन जाता तुम्ही."

आमच्या लोकांना हे रुचले नाही. थोडक्या पैशांत लांबी भरून देणारा दुसरा मिस्त्री त्यांनी शोधलाही. आम्ही थांबायचे ठरवले. जुन्या गाडीचा धड भाग मिळेपर्यंत दीड महिना गेला; आजाऱ्यांकडे आम्ही एसटीने आणि कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून गेलो.

त्याच दिवसांत एका घरातील वडीलधारी मंडळी आमच्याकडे आली. सासरी मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीची समजूत घालावी, क्षमेचे दोन शब्द सांगून तिला परत पाठवावे, लोक बोलू लागले आहेत, अशी त्यांची विनंती होती. विवाहसंस्कार अभंग राखावा, हे सेमिनरीत आम्हांला शिकवले आहे, आणि त्यावर आमचा विश्वास आहे. अबोला, हेका, पैशावरून कुरबूर अशा कितीतरी तड्यांवर आम्ही प्रार्थनेने व बोलण्याने जोड घातले आहेत. त्यांतले पुष्कळ टिकले. पण या लेकीच्या मनगटावरचे वळ आम्ही पाहिले होते. "तो हात उचलणे थांबवतो, हे दिसेपर्यंत ती इथेच राहील," असे आम्ही सांगितले. मंडळी नाराज होऊन उठली. तिची आई तेवढी दारात क्षणभर थांबली.

पापनिवेदनातही पश्चात्ताप आणि सुधारण्याचा निश्चय आधी लागतो. क्षमा त्यावर उभी राहते. वरून लांबी भरली की आतली गळती दिसत नाही, एवढेच. ती चालूच असते. कोणता तडा सांधावा आणि कोणता सांधण्यास नकार द्यावा, याचा विवेक आम्ही प्रभूकडे रोज मागतो. ती लेक अजून माहेरीच आहे. नवरा दोनदा येऊन आमच्याशी बोलून गेला; तिसऱ्यांदा येईल, अशी आशा आहे.