सव्वा इंच

अमेरिकेतील बहुतेक घरांत भांडी धुण्याचे यंत्र ओट्याखाली कायमचे बसवलेले असते. दोन्ही अंगांना कपाटे, वर दगडी ओटा, मागे भिंत. अशा चौकटीत ते वर्षानुवर्षे मुकाट्याने राबते आणि बिघडेपर्यंत त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. बिघडल्यावर जुने ओढून काढायचे आणि नवे आत सरकवायचे, हे एरवी तासा-दोन तासांचे काम. न्यू जर्सीतील आमच्या घरी मात्र जुने यंत्र बाहेरच येईना.

कारण पायाखाली होते. घर १९६०च्या दशकातले. स्वयंपाकघराचे नूतनीकरण झाले तेव्हा खाली जुने विनाइल होते. त्या काळच्या विनाइलमध्ये आणि ते चिकटवण्याच्या काळ्या डिंकात ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि ते उखडले की त्याचे तंतू हवेत मिसळतात. म्हणून त्याला हात न लावता वरच नवी जमीन चढवावी, असा सल्ला इकडे देतात. सल्ला योग्यच आहे. कंत्राटदाराने तो पाळला. प्लायवूड, त्यावर सिमेंटचा पातळ बोर्ड, त्यावर फरशी, असा सव्वा इंचाचा थर दिला. पण यंत्र बाहेर काढून त्याच्या खालीही तोच थर देण्याऐवजी त्याने यंत्राच्या कडेपाशी काम थांबवले. यंत्र उथळ खड्ड्यात उभे राहिले आणि त्याच्यासमोर फरशीचा उंबरठा तयार झाला. पुढे लाकडी ओटा जाऊन ग्रॅनाइट आले, आणि वरून उचलण्याची वाटही बंद झाली.

हिशेब साधा आहे. ओट्याखालची मूळ जागा ३४.५ इंच उंच. सव्वा इंच वजा जाता उंबरठ्यावर उरले ३३.२५. नेहमीच्या यंत्राचे पाय पूर्ण आत फिरवले तरी त्याची उंची पावणेचौतीस इंचांच्या आसपास राहते. नवे यंत्र घेऊन आलेल्या माणसांनी फीत लावली, मान हलवली आणि खोके परत गाडीत चढवले. फरशी किंवा ओटा यांना हात लावणे त्यांच्या कामात बसत नव्हते. कोणी म्हणाले, पुढच्या दोन ओळी फरशी फोडा. कोणी म्हणाले, ग्रॅनाइट उचला. फरशीखाली तेच जुने विनाइल. आणि ग्रॅनाइट उचलताना बेसिनसाठी कापलेल्या अरुंद पट्टीशी तडकण्याची भीती. दोन्हींचा खर्च यंत्राच्या किमतीहून अधिक होता.

या साऱ्यात पाच आठवडे गेले, आणि त्या पाच आठवड्यांत घराचा कारभार सासूबाईंनी हाती घेतला.

आईंचे वय ७९. आयुष्य सांगली जिल्ह्यातील एका गावात गेले. चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन त्यांनी परसातल्या मोरीवर किती भांडी घासली असतील, याची गणती नाही. खरकटी भांडी रात्रभर ठेवायची नाहीत, हा आमच्या घरचा जुना दंडक. म्हणून यंत्र भरेपर्यंत भांडी त्यात साचवणे त्यांना कधीच रुचले नव्हते. ‘‘त्याला पोट भरायची वाट बघावी लागते, मला नाही,’’ असे त्या म्हणत. यंत्र बंद पडल्यावर जेवण आटोपताच त्या बाह्या सरसावून बेसिनपाशी उभ्या राहू लागल्या. मी पुढे झाले तर म्हणत, ‘‘तू कामावरून दमून आलीस, बस जरा.’’

त्यांच्या बोटांना संधिवात आहे. तिसऱ्या आठवड्यात उजवे मनगट सुजले. डॉक्टरांनी पट्टी बांधली, काम करू नका म्हणून सांगितले. पण ते पाच आठवडे त्या जितक्या बोलल्या तितक्या गेल्या चार वर्षांत बोलल्या नव्हत्या, हेही खरे. या घरात त्यांच्या वाट्याला येईल असे कामच नव्हते. ते मिळाले होते, आणि मी ते काढून घेण्याची खटपट करीत होते. यावर ह्यांच्याशी माझे दोनदा वाजले. ह्यांचे म्हणणे, मनगट आधी. मलाही तेच पटत होते. तरीही घाई करावीशी वाटत नव्हती.

अखेर एक वयस्कर कारागीर भेटला. त्याने वीज आणि पाणी बंद करून बेसिनखालच्या कपाटाच्या बाजूला हात जाईल एवढे भोक पाडले. तेथून मागचे दोन आणि समोरून पुढचे दोन पाय पूर्ण काढले. यंत्राचे दार उतरवले, पाठीवरचे आवाज अडवणारे जाड आवरण सोलले. मग पुढची बाजू तिरकी उचलून, फरशीवर पत्रा टाकून, ते धूड त्याने इंचाइंचाने बाहेर ओढले. फरशीला ओरखडाही आला नाही. नंतर त्याने खड्डा प्लायवूडने फरशीच्या पातळीपर्यंत भरून काढला. हे पंधरा मिनिटांचे काम पहिल्याच वेळी झाले असते, तर हे सारे घडलेच नसते.

नवे यंत्र ३२ इंचांचे आहे. १९९०च्या अपंगांविषयीच्या कायद्यानंतर इकडे चाकाच्या खुर्चीतून वापरता यावेत असे ३४ इंचांपर्यंतचे बुटके ओटे करतात, त्यांच्यासाठी ही यंत्रे बनतात. आमच्यासारखे अडलेले लोकही तीच घेतात. मुळात हे यंत्र एका बाईचेच. इलिनॉयमधील जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ मध्ये त्याचे पेटंट मिळवले, तेही पती निवर्तल्यानंतर, कर्जाच्या ओझ्याखाली. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रे मांडलेली होती. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी जैन धर्माविषयी बोलले. त्यांनी ती यंत्रे पाहिली असतील का, असे उगाच मनात येते.

यंत्र सुरू झाले त्या संध्याकाळी आईंनी ते चालताना शेवटपर्यंत पाहिले. किती पाणी लागते, असे विचारले. इकडच्या नियमाप्रमाणे एका खेपेस पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटरच्या आत, असे मी सांगितले. त्यांनी मनाशी हिशेब केला आणि ‘‘बरे आहे,’’ एवढेच म्हणाल्या.

लोखंडी तवा, पितळी पातेले आणि लाकडी रवी यंत्रात घालायची नसतात. ती आईंकडे राहिली. मनगटाची सूज उतरली आहे. अलीकडे सकाळी जाळीत तव्याशेजारी दोन-चार स्टीलच्या वाट्याही पालथ्या दिसतात. रात्री मी त्या यंत्रात ठेवलेल्या असतात. मी त्यांना त्याविषयी काही विचारलेले नाही.